लांब पल्ल्याच्या धावण्याचा प्रशिक्षक

लांब पल्ल्याच्या धावण्याचा प्रशिक्षक : लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी धावपटू पारखणारा, त्यांच्या सरावाची आखणी व देखरेख करणारा आणि त्यांच्या शारीरिक व मानसिक वाढीची जबाबदारी घेणारा मार्गदर्शक. ३,००० मी. स्टीपलचेस, ५,००० मी., १०,००० मी., क्रॉसकंट्री, अर्धमॅरॅथॉन आणि ४२.१९५ किमी. ची मॅरॅथॉन या शर्यती सामान्यतः लांब पल्ल्याच्या मानल्या जातात. मल्लखांब, कुस्ती किंवा भालाफेक यांसारख्या प्रकारांत प्रशिक्षक मुख्यतः कौशल्य शिकवितो. धावणे मात्र मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील प्रशिक्षकाचे काम वरवर पाहता सोपे वाटते. वस्तुतः ते अवघड आहे. कारण धावपटूने किती, केव्हा व कोणत्या वेगाने धावावे आणि विशेषतः केव्हा थांबावे, याचा निर्णय त्याला रोज घ्यावा लागतो. सरावाची ही मात्रा प्रत्येक व्यक्तीगणिक ठरविण्याचा विवेक हेच थोर प्रशिक्षकाचे प्रमुख लक्षण होय.

शास्त्रीय पाया : लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनाच्या साहाय्याने निर्माण होते. ५,००० मी. शर्यतीतही या ऊर्जेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक असतो व मॅरॅथॉनमध्ये तो जवळजवळ संपूर्ण असतो. म्हणून हृदयाची रक्त पुरविण्याची क्षमता, रक्तातील हीमोग्लोबिन, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे आणि पेशींची ऑक्सिजन वापरण्याची शक्ती यांवर धावपटूचे यश अवलंबून राहते. हे बदल मंद गतीने घडतात. त्यांना महिने नव्हे, तर वर्षे लागतात.

सरावाने शरीर थकते व नंतरच्या विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा अधिक सक्षम होते. याचा अर्थ, सुधारणा सरावाच्या वेळी होत नसून विश्रांतीच्या काळात होते. विश्रांती अपुरी राहिल्यास थकव्यावर थकवा साचतो, वेग घटतो, झोप व भूक कमी होते आणि धावपटू आजारी पडतो. हाडे व स्नायुबंध यांना हृदय-फुप्फुसांपेक्षा बळकट होण्यास अधिक काळ लागतो. उत्साही तरुणाचा दम काही आठवड्यांत वाढतो. परंतु नडगीचे हाड तेवढ्या काळात तयार झालेले नसते. नडगीचे दुखणे व पायाच्या हाडांना पडणाऱ्या सूक्ष्म भेगा यांचे हे एक प्रमुख कारण आहे. दम आणि हाड यांच्या वाढीतील ही तफावत ज्याला कळते, तो प्रशिक्षक धावपटूच्या उत्साहाला वेळीच लगाम घालतो.

प्रशिक्षणपद्धतींचा विकास : पद्धतशीर प्रशिक्षणाचा इतिहास मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. स्वीडनमधील गोस्टा होल्मर यांनी १९३० नंतरच्या दशकात फार्टलेक ही पद्धत पुढे आणली. तीत धावपटू मोकळ्या निसर्गात आपल्या इच्छेनुसार वेग कमीअधिक करतो. त्याच सुमारास जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी हर्बर्ट राइंडेल या हृदयरोगतज्ञाच्या सहकार्याने खंडित सरावाची पद्धत विकसित केली. ठराविक अंतर वेगाने धावावयाचे, नाडीचे ठोके पुरेसे खाली येईपर्यंत थांबावयाचे व पुन्हा धावावयाचे, असे तिचे स्वरूप होते. गेर्शलर यांचे शिष्य रूडोल्फ हार्बिख यांनी १९३९ मध्ये ८०० मी. अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला.

न्यूझीलंडमधील आर्थर लिडियर्ड (१९१७–२००४) यांनी याहून निराळा मार्ग स्वीकारला. त्यांनी अनेक वर्षे स्वतःवरच प्रयोग करून असे मत बनविले, की आधी आठवड्याला सु. १६० किमी. इतके सावकाश पण सलग धावणे, नंतर चढणीवरील सराव आणि अखेरीस धावपट्टीवरील वेगाचा सराव, या क्रमाने धावपटू घडतो. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल यांनी ८०० मी. व मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मी. शर्यतीत, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली. मॅरॅथॉनचे कांस्यपदक बॅरी मॅगी यांना मिळाले. निवडक धावपटू देशभरातून गोळा करून हे यश आलेले नव्हते. लिडियर्ड यांचे बहुतेक शिष्य ऑक्लंड शहरातील त्यांच्याच परिसरात राहणारे होते. जवळपासच्या मुलांना दीर्घकाळ योग्य प्रशिक्षण मिळाल्यास त्यांतून जगज्जेते घडू शकतात, हा या उदाहरणाचा महत्त्वाचा बोध आहे.

अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन (१९११–९९) यांनी कठीण सरावाच्या दिवसानंतर हलक्या सरावाचा दिवस असला पाहिजे, हे तत्त्व रूढ केले. आज ते स्वयंसिद्ध वाटते. परंतु अधिक कष्ट म्हणजे अधिक प्रगती, असे मानणाऱ्या काळात ते धाडसाचे होते.

पूर्वानुभवाचा प्रश्न : थोर प्रशिक्षक स्वतः थोर धावपटू असलाच पाहिजे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. केन्याचे पॅट्रिक सांग हे १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमधील ३,००० मी. स्टीपलचेसचे रौप्यपदकविजेते होत. त्यांचे शिष्य एलिउड किपचोगे यांनी २००३ मध्ये ५,००० मी. चे जागतिक विजेतेपद, २०१६ मध्ये रिओ व २०२१ मध्ये भरलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉनची सुवर्णपदके मिळविली आणि २०२२ मध्ये बर्लिन येथे २ तास १ मिनिट ९ सेकंद असा तत्कालीन जागतिक विक्रम केला. गुरुशिष्यांचे हे नाते दोन दशकांहून अधिक काळ टिकून राहिले. याउलट ब्रदर कोल्म ओकॉनेल हे आयरिश धर्मबंधू १९७६ मध्ये केन्यातील इटेन येथील सेंट पॅट्रिक्स विद्यालयात भूगोल शिकविण्यासाठी आले, तेव्हा त्यांना धावण्याच्या प्रशिक्षणाचा काहीही अनुभव नव्हता. मुलांना धावताना पाहत, त्यांना प्रश्न विचारत ते शिकत गेले. त्यांचे शिष्य डेव्हिड रुडिशा यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मी. अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. ही शर्यत मध्यम पल्ल्याची असली, तरी उदाहरण बोधप्रद आहे. पूर्वानुभव उपयुक्त असतो, पण अनिवार्य नसतो. अनिवार्य असते ती दुसऱ्याच्या शरीराकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय. स्वतः यशस्वी झालेल्या धावपटूला आपलाच सराव सर्वांना लागू पडेल, असे वाटण्याचा धोका असतो.

प्रशिक्षकाचे गुण : (१) पारख : धावपटूचा पिंड कोणत्या शर्यतीचा आहे, हे ओळखणे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही या गावच्या ललिता बाबर मॅरॅथॉन धावत असत. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली त्या स्टीपलचेसकडे वळल्या, २०१५ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे हे सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाले. सेनादलाचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांच्यातील स्टीपलचेसचे गुण हेरले. साबळे यांनी २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२३ च्या हांगजो आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली.

(२) मात्रेचा विवेक : एकच तक्ता सर्वांना देणे हे प्रशिक्षण नव्हे. शेतात दिवसभर निंदणी करून आलेल्या मुलीचा थकवा आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा थकवा सारखा नसतो. परीक्षा, घरातील आजारपण, उपवास, लांबचा प्रवास हेही शरीरावरील भारच होत. सरावाची मात्रा ठरविताना ते जमेस धरावे लागतात.

(३) निरीक्षण व नोंद : सकाळी उठल्यावरची नाडी, वजन, झोप, भूक, दुखणारी जागा आणि धावल्यानंतरची मनःस्थिती यांची साधी वहीदेखील मोलाची ठरते. विश्रांतीच्या अवस्थेतील नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा जलद राहिल्यास तो अतिश्रमाचा किंवा येऊ घातलेल्या आजाराचा इशारा असू शकतो. यासाठी महागड्या उपकरणांची गरज नसते. सेकंदकाट्याचे घड्याळ व नियमितपणा पुरेसा होतो.

(४) संयम : शालेय वयात जिल्हा किंवा राज्य स्पर्धेतील पदकासाठी प्रौढांचा सराव लादल्यास मूल लवकर चमकते व लवकर विझते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना विविध खेळ, उड्या, चढणीवरील हलके धावणे व ताकदीचे साधे व्यायाम यांतून तयार करणे हितावह असते.

(५) निरोप देण्याची तयारी : आपल्या साधनांची व ज्ञानाची सीमा आली, की शिष्याला अधिक सक्षम प्रशिक्षकाकडे पाठविणे हा दुर्मिळ गुण आहे. तालुक्याच्या गावातील शिक्षकाने पाया घातलेला असतो, म्हणूनच पुढील प्रशिक्षकाला इमारत उभारता येते.

महाराष्ट्रातील परंपरा : शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची व्यवस्था भारतात उभी राहण्यापूर्वीच मराठी मुलखाने व त्याच्या सीमाभागाने धावपटू दिले होते. बेळगावचे फाडेप्पा दारेप्पा चौगुले हे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅरॅथॉन २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे आले. प्रशिक्षक घडविण्याची राष्ट्रीय संस्था पतियाळा येथे स्थापन झाली ती १९६१ मध्ये. प्रशिक्षकांच्या सन्मानार्थ द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या प्रशिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिकचे आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तेथे प्रामुख्याने ग्रामीण व आदिवासी मुलामुलींमधून धावपटू घडविले. सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत या त्यांच्या शिष्येने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मी. मध्ये कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगजो आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. त्यांच्या पाठोपाठ संजीवनी जाधव यांच्यासारख्या धावपटू त्याच केंद्रातून पुढे आल्या. एक धावपटू यशस्वी होणे हा योगायोग असू शकतो. त्याच जागी एकामागून एक धावपटू तयार होऊ लागले, की तेथे प्रशिक्षक आहे असे म्हणता येते.

वऱ्हाडातील स्थिती : वऱ्हाडात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामप्रकारांना संघटित रूप दिले. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयामुळे अमरावती हे व्यायामशिक्षक घडविणारे देशातील एक प्रमुख केंद्र बनले व तेथून बाहेर पडलेले शिक्षक दूरदूरच्या शाळांत गेले. आखाड्यातील वस्ताद पठ्ठ्याची खुराक, झोप, वर्तन व मेहनत या सर्वांवर नजर ठेवीत असे. लांब पल्ल्याच्या प्रशिक्षकाला आवश्यक असलेली ही समग्र दृष्टी या प्रदेशाला वारशानेच लाभलेली आहे. तिला शरीरक्रियाविज्ञानाची जोड देणे एवढेच कार्य उरते. मात्र वस्तादाची अधिक जोर, अधिक बैठका ही धारणा धावण्याला जशीच्या तशी लागू करणे घातक ठरते.

वऱ्हाडातील प्रशिक्षकाचा पहिला प्रतिस्पर्धी हवामान हा होय. अकोला व अमरावती येथे एप्रिल–मे महिन्यांत कमाल तापमान ४५° से. च्या आसपास व प्रसंगी त्याहूनही वर जाते. पावसाळ्यात काळ्या कापसाच्या मातीचा चिखल जोड्यांना गोळ्यांप्रमाणे चिकटतो व शेतरस्ते धावण्याजोगे राहत नाहीत. उन्हाळ्यात त्याच मातीला पडलेल्या भेगांत घोटा मुरगळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र अनुकूल असतो. त्यामुळे वर्षाची आखणी पंचांगाप्रमाणे ऋतू पाहून करावी लागते. हिवाळ्यात धावण्याचे अंतर व वेग वाढवावा. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी अल्प सराव, ताकदीचे व्यायाम व विश्रांती यांवर भर द्यावा. पावसाळ्यात मुरमाड टेकड्या, डांबरी रस्ते व मैदाने यांचा आधार घ्यावा. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला सु. दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात सरावाची मात्रा हळूहळू वाढविणे, तहानेप्रमाणे पाणी व मीठसाखरेचे द्रावण देणे आणि कोणी अडखळू लागल्यास, असंबद्ध बोलू लागल्यास त्याला तत्काळ थांबविणे आवश्यक असते. उष्माघातात शरीराचे तापमान ४०° से. च्या वर जाते. अशा वेळी वाहनाची वाट पाहत न बसता रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतणे व नंतर रुग्णालयात हलविणे हा जीव वाचविणारा उपाय होय.

मेळघाटातील चिखलदरा हे ठिकाण सु. १,१०० मी. उंचीवर असून तेथे धावपटूंचे शिबिर घेण्याची कल्पना अनेकांना आकर्षक वाटते. विरळ हवेमुळे रक्तातील तांबड्या पेशी वाढण्याचा लाभ सामान्यतः सु. २,००० मी. व त्याहून अधिक उंचीवर काही आठवडे राहिल्याने मिळतो. केन्यातील इटेन सु. २,४०० मी. उंचीवर आहे. चिखलदऱ्याला हा लाभ अपेक्षिता येत नाही; परंतु उन्हाळ्यातील तुलनेने थंड हवा व गाविलगडाच्या डोंगरातील चढणी यांमुळे त्याचे मोल कमी ठरत नाही. कोणत्या गोष्टीचा कोणता उपयोग आहे, हे नेमके जाणणे हेही प्रशिक्षकाच्या ज्ञानाचेच अंग होय.

आरोग्य व आहार : ग्रामीण मुलींत रक्तक्षय ही सर्रास आढळणारी अवस्था आहे. हीमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला आळशी ठरवून तिचा सराव वाढविणे, ही अज्ञानातून घडणारी मोठी हानी होय. विदर्भातील काही समाजांत दात्र-कोशिका विकाराचे, म्हणजे बोलीतील सिकलसेलचे, प्रमाण लक्षणीय आहे. या विकाराचे केवळ वाहक असलेले तरुण एरवी निरोगी असतात; तथापि कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना टोकाचे श्रम केल्यास त्यांना गंभीर धोका संभवतो. म्हणून हंगामाच्या आरंभी रक्ततपासणी करून घेणे व वाहकांना विश्रांती आणि पाणी यांबाबत सवलत देणे इष्ट असते. त्यांना खेळापासून दूर ठेवण्याचे मात्र कारण नाही. धावण्याच्या मानाने खाणे कमी पडल्यास मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते व हाडे ठिसूळ होतात. पाळी थांबणे हे कडक मेहनतीचे सुचिन्ह नसून धोक्याची सूचना आहे. या विषयावर संकोच न बाळगता बोलता येईल अशी एखादी शिक्षिका किंवा परिचारिका प्रत्येक केंद्राशी जोडलेली असावी. आहारासाठी परक्या व महाग पदार्थांची आवश्यकता नसते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, गूळ, दूध, पालेभाज्या व शक्य असल्यास अंडी यांतून धावपटूची बहुतेक गरज भागते. प्रश्न पदार्थांपेक्षा पुरेशा प्रमाणाचा असतो.

भरतीचे धावणे : वऱ्हाडात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांपैकी बहुसंख्य ऑलिंपिकसाठी नव्हे, तर पोलीस व सैन्य भरतीसाठी धावतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांसाठी १,६०० मी. व स्त्रियांसाठी ८०० मी. धावण्याची चाचणी असते. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाचे भवितव्य काही वेळा या चाचणीतील दहा-पंधरा सेकंदांवर टांगलेले असते. त्यामुळे अनेकजण मार्गदर्शनाविना तेच अंतर रोज पूर्ण वेगाने धावतात. परिणामी प्रगती लवकर कुंठते व नडग्या दुखावतात. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या ५ किमी. धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला व त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. या तरुणांनाही जाणता प्रशिक्षक तेवढाच आवश्यक आहे. आठवड्यातील बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या सावकाश गतीने धावणे, एक-दोन दिवस २०० ते ४०० मी. चे वेगवान टप्पे पुरेशा विश्रांतीसह घेणे, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि चाचणीची तयारी किमान चार-सहा महिने आधी सुरू करणे, एवढ्या सूत्रांनीही पुष्कळ फरक पडतो. चाचणीत अयशस्वी ठरलेल्या तरुणाला पुढील वर्षासाठी धीर देणे व शिक्षण सोडू न देणे हेही या कामाचा भाग होय.

मूल्यमापन : प्रशिक्षकाची थोरवी सामान्यतः त्याच्या शिष्यांच्या पदकांवरून मोजली जाते. हे मोजमाप आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. असामान्य प्रतिभेचा धावपटू सदोष प्रशिक्षणातूनही पदक मिळवू शकतो आणि त्या पदकामागे जायबंदी होऊन मैदान सोडलेल्या अनेकांची नोंद कोठेच राहत नाही. म्हणून एखाद्या प्रशिक्षकाकडे पंधराव्या वर्षी आलेल्या मुलामुलींपैकी किती जण पंचविसाव्या वर्षीही निरोगी आहेत व धावत आहेत, हा प्रश्न पदकांच्या यादीइतकाच महत्त्वाचा आहे. अमरावती-अकोल्यासारख्या प्रदेशात, जेथे धावपट्ट्या थोड्या, ऊन कडक व घरची ओढाताण नित्याची आहे, तेथे या कसोटीला उतरणारा तालुक्याच्या शाळेतील अप्रसिद्ध व्यायामशिक्षकही थोर प्रशिक्षकांच्या पंक्तीत बसण्यास पात्र ठरतो.